पुरात न बुडणारा पत्ता

कोल्हापूरकराला राजाराम बंधाऱ्याचे दोन आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. असा पूर आता आपल्या हयातीत पुन्हा येत नाही, असं म्हणत ज्यांनी चिखल उपसला, त्यांनाच जुलै २०२१ मध्ये पुन्हा सामान माडीवर चढवावं लागलं. या वेळी नदी ५६ फुटांना भिडली होती. दोन्ही वेळा शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक या भागांत पाणी शिरलं आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला.

पुरात काय काय बुडतं हे आपण फोटोंत पाहिलेलं असतं. जे फोटोत येत नाही अशा एका वस्तूबद्दल हे प्रकरण आहे. त्यासाठी एक कारखाना कल्पू. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत फौंड्री, शाहूपुरीत हेड ऑफिस. जुलै २०२१ चा शेवटचा आठवडा. कोरोनामुळे घरून काम करायची सवय झालेली, हिशेबाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर, लॅपटॉप प्रत्येकाच्या घरी. ऑफिसात गुडघाभर पाणी असलं तरी कामाचं काही अडायला नको. पगाराची फाइल बँकेत चढवायची म्हणून अकाउंटंट राजारामपुरीतल्या आपल्या घरी बसतो आणि थोड्या वेळानं मालकांना फोन लावतो.

"साहेब, घरातनं बँकेचं उघडंना झालंय. ॲक्सेस डिनाइड म्हणतंय."

"पासवर्ड बरोबर हाय न्हवं?"

"पासवर्डपर्यंत जाऊच देत न्हाई."

पासवर्ड बरोबरच असतो. बँकेनं या कंपनीसाठी जे दार ठेवलं आहे ते एकाच आयपी पत्त्यावरून आलेल्या माणसाला उघडतं, आणि तो पत्ता शाहूपुरीतल्या ऑफिसच्या लीज लाइनचा. लाइन तळमजल्यावरच्या राउटरला आलेली, आणि राउटर पाण्याखाली. माणूस कोरडा, लॅपटॉप कोरडा, पैसे बँकेत शाबूत; बुडाले ते फक्त त्या पत्त्याचे चार आकडे.

ते चार आकडे असतात कोणाचे? ते आपल्या नावावर करून घेता येतात का? आणि घेतले तर शाहूपुरीतून उचलून पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे एखाद्या क्लाउड कंपनीच्या सुरक्षा-गेटवेवर, नेऊन ठेवता येतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'येतात' असं आहे. पण ते वाटतं तितकं सरळ नाही.

आयपी पत्त्याची जी चौथी आवृत्ती आपण अजून सर्रास वापरतो, तिच्यात एक पत्ता ३२ बिटांचा असतो. म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. १९८१ साली हा आकडा ठरला तेव्हा तो अमाप वाटला असणार. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट पाच खंडीय नोंदणी संस्थांना वाटून झाले. त्यातली आपल्या भागाची संस्था म्हणजे ब्रिस्बेनची एपीनिक. तिच्याकडचं सढळ वाटप त्याच वर्षी १५ एप्रिलला संपलं. त्यानंतर नव्या सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळू लागले आणि २०१९ पासून ५१२. भारतात ही नोंदवही सांभाळते ती इरिन, म्हणजे निक्सी या संस्थेची शाखा. निक्सी २००३ साली स्थापन झाली.

इथं सातबाऱ्याची आठवण करून घ्यायला हरकत नाही. जमीन कसणारा एक, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हा प्रकार आपल्याला नवा नाही. शाहूपुरीच्या ऑफिसला मिळालेला 'स्टॅटिक आयपी' कितीही वर्षं वापरात असला तरी नोंदवहीत तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या नावावर असतो. दर महिन्याचं बिल म्हणजे त्याचं भाडं. कंपनी बदलली की पत्ता गेला. कंपनीनं आपलं जाळं नव्यानं मांडलं, तरी गेला. ऑफिस ताराबाई पार्कात हलवलं तर तोच पत्ता तिथं मिळेल याची खात्री नाही.

एरवी यानं कोणाचं काही बिघडत नाही. घरचं वायफाय, मोबाइल यांना दर वेळी वेगळा पत्ता मिळतो, बऱ्याचदा शेकडो ग्राहकांत मिळून एकच पत्ता असतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. अडतं ते समोरच्यानं पत्ता पाहून दार उघडायचं ठरवलेलं असेल तिथं. अशा ठिकाणांची यादी गेल्या काही वर्षांत चांगलीच लांबली आहे.

ई-इन्व्हॉइसचंच घ्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांपासून ते सुरू झालं. मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कितीतरी मध्यम फौंड्र्या आणि मशीन शॉप तिच्या कक्षेत आले. ज्यांचं सॉफ्टवेअर सरकारी पोर्टलशी थेट बोलतं, त्यांना आपला भारतातला स्थिर सार्वजनिक पत्ता आधी नोंदवावा लागतो. नोंदवलेल्या पत्त्याबाहेरून आलेली विनंती पोर्टल ऐकतच नाही. बहुतेक जण मधल्या सेवा कंपनीमार्फत जातात, त्यांची ही डोकेदुखी त्या कंपनीवर पडते. शेअर बाजारातही तेच. सेबीनं ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो-ट्रेडिंगसाठी ब्रोकरकडे स्थिर पत्ता नोंदवण्याची अट घातली. स्वतःचा प्रोग्राम लिहून सौदे करणारा राजारामपुरीतला तरुणही आता 'स्टॅटिक आयपी कुठं मिळंल?' असं विचारत फिरतो.

या पद्धतीचा सगळ्यात जुना आणि सभ्य नमुना मात्र विद्यापीठांत सापडतो. यूजीसी-इन्फोनेटच्या डिजिटल ग्रंथालय योजनेचं उद्घाटन डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते झालं, आणि महागडी परदेशी नियतकालिकं भारतीय विद्यापीठांच्या संगणकांवर उघडू लागली. उघडायची कशी, तर विद्यापीठाच्या आवाराचे आयपी पत्ते प्रकाशकाकडे नोंदवलेले. शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी खर्डेकर ग्रंथालयात बसलेल्या विद्यार्थ्याला ना नाव विचारलं जाई, ना पासवर्ड. त्या आवारात असणं हीच त्याची ओळख. तोच विद्यार्थी संध्याकाळी गावी गेला की तोच लेख डॉलरमध्ये किंमत सांगू लागे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरचे संशोधक एका रात्रीत आवाराबाहेर पडले, तेव्हा या व्यवस्थेची मर्यादा सगळ्यांना एकदम कळली. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राची, आवाराबाहेरून संस्थेच्या नावानं प्रवेश देणारी इन्फेड व्यवस्था त्या काळात कामाला आली. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना सुरू झाली आहे: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तेरा हजारांवर नियतकालिकं, सहा हजारांहून अधिक संस्था. इतक्या संस्थांसाठी 'आत कोण, बाहेर कोण' हे ठरवणं हे केवढं काम असेल याचा विचार ग्रंथपालांनीच करावा.

आता क्लाउडच्या गेटवेकडे वळू. पूर्वी कंपनीचं संरक्षण म्हणजे सर्व्हर रूममधली एक पेटी, फायरवॉल. जाणारं-येणारं सगळं तिच्यातून जाई. माणसं ऑफिसात होती तोवर हे ठीक होतं. ती घरी, गाडीत, पुण्याच्या ग्राहकाकडे पसरली तेव्हा ती पेटी रिकाम्या ऑफिसची राखण करत बसली. मग झीस्केलर, नेटस्कोप, क्लाउडफ्लेअर यांसारख्या कंपन्यांनी ती पेटीच उचलून आपल्या डेटा सेंटरमध्ये ठेवली. लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम बसतो. तो लॅपटॉपची सगळी वाहतूक कुलूपबंद बोगद्यातून जवळच्या केंद्रात नेतो, कोल्हापूरकरासाठी बहुधा मुंबईला. तिथं तपासणी होते: हे संकेतस्थळ फसवणुकीचं आहे का, या फाइलमध्ये विषाणू आहे का, कंपनीच्या ड्रॉइंगची फाइल कोणी खासगी ईमेलवर पाठवतंय का. त्यासाठी कंपनीचं प्रमाणपत्र लॅपटॉपवर आधीच घातलेलं असतं, म्हणजे कुलूपबंद वेबपानंही उघडून बघता येतात. तपासून झालं की वाहतूक इंटरनेटवर सोडली जाते. पुरात हे सोन्यासारखं: शाहूपुरी बुडो की महामार्ग बंद पडो, तपासणी मुंबईत चालूच.

पण तपासणीनंतर वाहतूक बाहेर पडते ती गेटवेच्या पत्त्यावरून, आणि तो पत्ता सामायिक. तुमच्याच पत्त्यावरून एखादी औषध कंपनी, एखादं कॉल सेंटर आणि कुठल्या तरी शाळेची संगणक प्रयोगशाळाही बाहेर पडत असते. त्यातल्या एकानं कुठं भरमसाट विनंत्या पाठवल्या की चौकटीतले बसचे आणि सिग्नलचे फोटो निवडायची शिक्षा सगळ्यांना. बँकेला तो पत्ता नोंदवायला सांगितलात तर बँकेचा माणूस हसेल. तो नोंदवणं म्हणजे त्या गेटवेच्या झाडून सगळ्या ग्राहकांना दार उघडणं. शिवाय गर्दीच्या वेळी वाहतूक दुसऱ्या केंद्रातून वळली आणि पत्ता सिंगापूरचा दिसला, तर भारतीय पत्त्यांपुरतीच उघडणारी सरकारी संकेतस्थळंही बंद.

यावर उपाय तीन. पहिला, बँक आणि ई-इन्व्हॉइस एवढीच वाहतूक गेटवेवरून माघारी ऑफिसात आणायची आणि ऑफिसच्या पत्त्यावरून बाहेर सोडायची. बऱ्याच गेटवेंत ही सोय असते, स्वस्त पडते, आणि एरवी उत्तम चालते. पण मग आपण पुन्हा शाहूपुरीच्या तळमजल्यावरच येऊन बसलो.

दुसरा, गेटवे कंपनीकडून फक्त आपल्यासाठी राखीव पत्ता भाड्यानं घ्यायचा. कोल्हापुरातल्या शंभरातल्या नव्वदांनी हाच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. एक-दोन पत्ते मिळतात, बँकेला नवं पत्र जातं, काम होतं. पण उताऱ्यावरचं नाव पुन्हा दुसऱ्याचंच. तीन वर्षांनी गेटवेनं दर वाढवले आणि तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल, तर ज्या ज्या ठिकाणी तो पत्ता नोंदवला आहे तिथं तिथं पुन्हा अर्ज, पुन्हा पत्रं, पुन्हा वाट बघणं. दरवाढीच्या बैठकीत समोरच्या विक्री प्रतिनिधीला हे तुमच्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक असतं.

तिसरा उपाय म्हणजे स्वतःचे पत्ते घेऊन जाणं. या धंद्यातली माणसं त्याला 'बीवायओआयपी' म्हणतात. ॲमेझॉननं आपल्या क्लाउडवर ही सोय २०१८ मध्ये दिली, मग इतर क्लाउड आणि सुरक्षा-गेटवेही त्या वाटेनं गेले. पत्ते इरिनच्या नोंदीत तुमच्या नावावर, वाहतूक मात्र गेटवेच्या केंद्रातून. लॅपटॉप राजारामपुरीत असो की रत्नागिरीत, बँकेला दिसतो तो तुमचाच पत्ता, आणि उद्या गेटवे बदलला तरी तोच दिसतो.

हे घडतं कसं, ते जरा जवळून पाहू. इंटरनेट म्हणजे हजारो जाळ्यांचं जाळं. प्रत्येक मोठ्या जाळ्याला एक क्रमांक असतो, त्याला एएस क्रमांक म्हणतात, क्लाउडफ्लेअरचा १३३३५. जाळी आपापल्या शेजाऱ्यांना सांगत असतात की अमुक पत्त्यांचा गट माझ्याकडे आहे, तिकडची वाहतूक माझ्याकडे पाठवा. शेजारी पुढच्यांना सांगतात. या बोलण्याची भाषा बीजीपी. जगभरच्या मोठ्या राउटरांच्या स्मरणात असे सुमारे दहा लाख मार्ग असतात. ही यादी आणखी फुगू नये म्हणून २५६ पत्त्यांपेक्षा लहान गट जाळी ऐकूनच घेत नाहीत. त्यामुळे गेटवेवर न्यायचा तर कमीत कमी २५६ चा गट हवा, बँकेसाठी लागणार दोनच पत्ते असले तरीही. पुस्तकांत उदाहरणासाठी मुद्दाम राखून ठेवलेला असा एक गट आहे, २०३.०.११३.०/२४. शेवटचे ‘/२४’ म्हणजे पहिले २४ बिट ठरलेले, उरलेल्या आठांत २५६ पत्ते.

आता गोम अशी की बीजीपीत कोणीही काहीही सांगू शकतं, आणि जितका लहान गट तितकं त्याचं सांगणं वरचढ ठरतं. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान सरकारनं देशात यूट्यूब बंद करायचा आदेश दिला. पाकिस्तान टेलिकॉमनं यूट्यूबच्या १,०२४ पत्त्यांपैकी २५६ चा एक गट 'माझ्याकडे आहे' असं देशापुरतं सांगितलं. ते सांगणं हाँगकाँगच्या एका जाळ्यातून बाहेर झिरपलं आणि सुमारे दोन तास जगातलं बरंचसं यूट्यूब इस्लामाबादच्या दिशेनं जाऊन गायब होत राहिलं. हेतू वाईट नव्हता, चूक साधी होती, आणि तिला अडवणारं तेव्हा वाटेत काहीच नव्हतं.

आज अडवायला 'आरओए' नावाचा दाखला आहे. नोंदवहीत ज्याच्या नावावर पत्ते आहेत तोच तो काढू शकतो, आणि त्यावर नोंदणी संस्थेच्या साखळीतली डिजिटल सही असते. मजकूर जेमतेम तीन ओळींचा: गट कोणता, त्याचे किती लहान तुकडे करून सांगितले तर चालेल, आणि सांगण्याचा अधिकार कोणत्या एएस क्रमांकाला. मोठी जाळी आता हे दाखले तपासतात आणि दाखल्याशी विसंगत मार्ग टाकून देतात. गेटवे कंपनी तुमचे पत्ते स्वीकारण्याआधी आपल्या क्रमांकाच्या नावानं असा दाखला मागते, आणि जोडीला लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी अधिकारपत्र. जगातलं सगळ्यात आधुनिक जाळंही अखेर सही-शिक्क्याला येऊन थांबतं, हे पाहून आपल्याकडच्या कारकुनांना बरं वाटावं.

चूक होते ती इथंच, आणि ती एका ठरावीक पद्धतीनं होते. समजा तुमच्याकडे ५१२ चा गट आहे. पूर्वी तो तुमच्या इंटरनेट कंपनीमार्फत सांगितला जात होता, आणि दाखला तिच्या क्रमांकाच्या नावानं काढलेला आहे. आता त्यातला अर्धा, २५६ चा गट, गेटवेला द्यायचा. गेटवेनं तो सांगायला सुरुवात केली, पण नवा दाखला काढायचा राहिला. दाखलाच नसता तर जाळ्यांनी 'माहीत नाही' म्हणून मार्ग चालवून घेतला असता. इथं मात्र दाखला आहे आणि त्यावर नाव दुसऱ्याचं, म्हणजे थेट 'अवैध'. मग जी जाळी तपासतात तिथून तुम्ही दिसेनासे होता, जी तपासत नाहीत तिथून दिसत राहता. मालकांच्या मोबाइलवर सगळं सुरळीत आणि बँकेतून बंद. असा दोष शोधताना आयटीवाल्या पोराची रात्र जाते. म्हणून आधी नवा दाखला, तो सगळीकडे पोचेपर्यंत काही तास थांबणं, मग गेटवेचं सांगणं सुरू, आणि सगळं स्थिरावल्यावरच जुनं बंद.

आणखी दोन बारीक गोष्टी राहतात. पत्ता कुठल्या गावचा हे सांगणाऱ्या याद्या खासगी कंपन्या बनवतात आणि त्या सावकाश बदलतात. गट नवा असेल, किंवा आधी कोण्या परदेशी कंपनीकडे असेल, तर तुमचा अकाउंटंट काही आठवडे परदेशात बसलेला दिसतो आणि सरकारी पोर्टल त्याला आत घेत नाही. यासाठी गट, देश, राज्य, शहर असा एका ओळीचा तपशील ठरलेल्या साच्यात जाहीर करायची पद्धत २०२० मध्ये ठरली आहे. ती फाइल पहिल्या दिवशीच लावावी. दुसरी गोष्ट विकतच्या गटांबद्दल. पत्त्यांचा बाजार २०११ पासूनच रंगला: दिवाळखोर नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टनं त्या वर्षी ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. जमीन घेताना आपण बोजा पाहतो तसा इथंही पाहावा लागतो. आधीच्या मालकानं त्या पत्त्यांवरून कचरा-ईमेल पाठवले असतील तर काळ्या यादीतलं नाव तुमच्या गळ्यात पडतं.

खर्चाचं बोलायचं तर सुरक्षा-गेटवेंत ही सोय सहसा महागड्या योजनेत असते. इरिनचं वार्षिक शुल्क वेगळं, आणि हे सगळं समजणारा माणूस पगारावर हवा, तो वेगळाच. उलट बाजूही आहे: ॲमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या प्रत्येक सार्वजनिक पत्त्याला तासाला अर्धा सेंट घेतं, पण ग्राहकानं स्वतः आणलेल्या पत्त्यांना ते शुल्क नाही. तरीही वीस माणसांच्या मशीन शॉपनं यात पडू नये. ज्यांचा पत्ता पन्नास-साठ ठिकाणी नोंदवलेला आहे, जे स्वतः इतरांना सेवा देतात, त्यांनी पडावं. कोल्हापुरात म्हणजे मोठ्या नागरी सहकारी बँका, त्यांना सॉफ्टवेअर पुरवणारे, मोठे दूध संघ आणि साखर कारखाने, बाहेरदेशी माल पाठवणारे चार-दोन मोठे उद्योग. आणखी एक कारण त्यांना लागू आहे. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. चौकशी आली तेव्हा 'त्या पत्त्यावरून आणखी दोनशे कंपन्या बाहेर पडत होत्या' यापेक्षा 'तो पत्ता फक्त आमचा, आणि त्या वेळी त्यावर अमुक लॅपटॉप होता' असं सांगता आलेलं बरं.

मात्र पत्ता आपला झाला म्हणजे दार सुरक्षित झालं, असं समजणाऱ्यांनी ऑगस्ट २०१८ आठवावा. ११ आणि १३ तारखेला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, १३.९२ कोटी स्विफ्टनं हाँगकाँगला पोचले. भारतात २,८४९ व्यवहारांत सुमारे अडीच कोटी काढले गेले, आणि त्यातले काही कोल्हापूरच्या एटीएममधून. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून कार्डाच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे खऱ्या स्विचच्या जागी आपला खोटा स्विच उभा केला होता. कार्डाची विचारणा आली की तो 'द्या पैसे' म्हणे. विचारणाऱ्याच्या दृष्टीनं उत्तर योग्य ठिकाणाहूनच येत होतं. पत्त्यांच्या यादीची ही मर्यादा आहे. माणूस कुठून आला एवढंच ती सांगते, तो कोण हे सांगत नाही. रिझर्व्ह बँकेनं त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट काढली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला ती चार पायऱ्यांत वाढवली. जितकी बँक इतरांच्या व्यवस्थांशी जोडलेली, तितकी पायरी वरची. पत्त्याची यादी म्हणजे बाहेरचं फाटक, आतल्या दाराला वेगळं कुलूप लागतंच.

आयपीची सहावी आवृत्ती आली की हे सगळं संपेल, असं वीस वर्षं सांगितलं जातंय. भारतात मोबाइलच्या बळावर ती निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांपर्यंत पोचलीही आहे. पण बँकेच्या त्या फॉर्ममध्ये पत्त्यासाठी चौकोन आजही चारच असतात.

ज्यांना स्वतःचा गट न्यायचाच आहे त्यांच्या कामाची सुरुवात तांत्रिक नसते. आपला सध्याचा पत्ता कुठं कुठं नोंदवला आहे याची यादी आधी करायची. बँका, ई-इन्व्हॉइस, ग्राहकाचं पुरवठादार-पोर्टल, हजेरी यंत्राची कंपनी, आणि पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या आयटी मॅनेजरनं कुठंतरी दिलेला तो एक. ही यादी तयार सापडत नाही. बँकेकडून पत्ता बदलून यायला किती दिवस लागतात तेही तिच्यात लिहायचं. मग गेटवेच्या कराराच्या मसुद्यात शेवटची पानं उघडायची, जिथं करार संपण्याची कलमं असतात. आमचे पत्ते सांगणं तुम्ही लेखी सूचनेनंतर किती तासांत थांबवाल, करारावरून वाद चालू असेल तरी थांबवाल का, आणि थांबवलं याचा लेखी पुरावा द्याल का, ही तीन उत्तरं सही करण्याआधी कागदावर घ्यायची. नवा दाखला काढण्याचा हक्क तुमचाच असल्यानं जुन्या गेटवेचं सांगणं अवैध ठरवता येतं खरं, पण दोघंही एकच गट सांगत असतील तर तपासणी न करणाऱ्या जाळ्यांतली तुमची अर्धी वाहतूक जुन्या दारातच जाऊन अडकते. ती सोडवायला तेव्हा फोन करावा लागतो, आणि तो फोन उचलणारा तुमचा माजी विक्रेता असतो.